फक्त एक ओळ बदल

१८ जानेवारी

प्रिय ताई,

सा. न. वि. वि.

आई कशी आहे? तिचा गुडघा, तिची साखर आणि तिचा राग, तिन्हींचं कळव. तू कशी आहेस विचारलं तर ‘मला काय धाड भरलीय’ म्हणशील, म्हणून विचारत नाही. विचारलं असं समज.

पाकीट बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. फोन केला की तू ‘आई झोपलीय, नंतर बोलू’ म्हणतेस, आणि ते ‘नंतर’ गेली तीन वर्षं काही उजाडत नाही. शिवाय काम कागदाचं आहे, म्हणून कागदावरच बोलते.

माझं बरं चाललंय. कवळ्यांची लॅब तीच, मालक तेच, प्लास्टरची धूळही तीच. फक्त आता रोजचा बसचा प्रवास नाही, खोलीपासून लॅब चालत दहा मिनिटं. परवा एक निवृत्त हेडमास्तर डॉक्टरांना सोडून थेट आमच्याकडे आले. म्हणे कवळी बसते छान, पण आरशात हसू दुसऱ्याचंच दिसतं. मालक म्हणाले, ‘मग सर, थोडं कमी हसा.’ मी आत जाऊन तोंडावर रुमाल धरून हसले. तू असतीस तर मला चिमटा काढला असतास.

आता मुद्द्यावर येते. तुझ्या मेहुण्यांना येत्या ऑक्टोबरात तिकडे कायम राहायची परवानगी मिळेल. शीतगृहातली नोकरी पक्की झाली आहे. ती परवानगी हातात आली की माझा अर्ज घालायचा, नवऱ्याकडे जायच्या व्हिसाचा. अडीच वर्षं झाली, ताई, मी फोनवर संसार करतेय. तो तिकडे पोळी लाटतो आणि मी इकडून ‘जरा पातळ’ म्हणून सांगते.

ऑक्टोबर लांब आहे हे मलाही कॅलेंडरवर दिसतं. ‘उतावळी नवरी आणि गुडघ्याला बाशिंग’ असं तू मनात म्हणालीस, ते मला इथे ऐकू आलं. पण तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यांतली मी नाही. परीक्षेला मी तासभर आधी जाऊन बसायचे आणि शिपाई मला बाकावरून उठवायचा, आठवतं ना?

त्या कामासाठी एक सल्लागार बाई धरली आहे. तिचं नाव आम्ही दोघांनी कागदवाली ठेवलंय. चपलांच्या दुकानावरच्या एका खोलीत ती बसते, समोर पाच रंगांची पाच कप्प्यांची फाईल. जन्माचा दाखला एका कप्प्यात, लग्नाचा दुसऱ्यात, मागे तारखा लिहिलेले फोटो तिसऱ्यात. मी मोठ्या उत्साहाने पोलिसांचा दाखलाही काढून नेला होता. तिने तो दोन बोटांत धरला आणि बाजूला ठेवला. ‘हा सहा महिन्यांत शिळा होतो. काही गोष्टी वेळेवरच करायच्या असतात.’ भरपूर कानउघाडणी झाली माझी.

पण एक कागद असा आहे की तो कुठल्याच कचेरीत मिळत नाही. तो तुझ्याकडेच आहे.

आमच्या लग्नाच्या नोंदीवर तीन साक्षीदार आहेत. त्यांतले मामा गेले. माझ्या नवऱ्याच्या काकांना हल्ली घरची माणसंही ओळखू येत नाहीत. उरलीस तू. कागदवाली म्हणते, साक्षीदाराचं निवेदन हवंच. एक पान फक्त: तू कोण, आम्हाला कधीपासून ओळखतेस, आम्ही दोघं कसे भेटलो, आणि हे लग्न खरं आहे असं तू का म्हणतेस. स्वतःच्या अक्षरात, स्वतःच्या शब्दांत.

‘कसे भेटलो’ तुला जड जाईल, कळतं मला. त्या एका प्रश्नापायी मी हे पत्र आठवडाभर लिहिलं नाही. तो आधी तुला बघायला आला होता हे काही आपण लपवायचं नाही. सरळ लिही: आला, योग आला नाही, पुढे दीड वर्षाने आमचं जमलं. फार खोलात जाऊ नकोस. तिकडच्या अधिकाऱ्याला आपल्या घरातलं काय करायचंय?

घाई नाही. पण महिनाअखेरपर्यंत मिळालं तर बरं होईल.

आईला नमस्कार. तिने फेकला तरी उचलून परत दे.

तुझी,
भुंगा


३ मार्च

प्रिय ताई,

सा. न. वि. वि.

निवेदन मिळालं. तू लिहिशील की नाही याची मला धाकधूक होती. तू आपली एका पानात सगळं लिहून, घडी घालून, रजिस्टर करून मोकळी. अक्षर अगदी तू औषधाच्या दुकानात पाकिटांवर लिहितेस तसं, सकाळी एक, संध्याकाळी एक. वाचताना डोळे भरले, खोटं नाही सांगत.

आईचं लिहिलं नाहीस. मागे फोनवर तिचा खोकला ऐकू आला होता, तो थांबला का?

एक लहानसं काम निघालं आहे. अगदी लहान. एक ओळ बदलायची आहे.

झालं असं, की त्याचंही निवेदन त्याच आठवड्यात आलं. कागदवालीने दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि पेन्सिल घेऊन बसली. आमच्याकडे कवळी तयार झाली की निळा कागद चावायला देतात, जिथे वरचा दात खालच्यावर जास्त टेकतो तिथे निळा डाग पडतो. तशी तिची पेन्सिल दोन्ही कागदांवर एकाच जागी थांबली.

‘तुमच्या बहीण लिहितात, मुलाकडून योग नाही असा निरोप मामांमार्फत आला,’ ती म्हणाली. ‘आणि तुमचे मिस्टर लिहितात, नकार मुलीकडून आला. आईची जबाबदारी होती म्हणून. यातलं खरं काय?’

मी म्हटलं, ‘जुनी गोष्ट आहे हो. काय फरक पडतो?’

‘फरक?’ तिने चष्मा काढला. ‘बाई, मुलाखतीला तुम्हाला एका खोलीत घेतील, त्यांना फोनवर दुसरीकडून घेतील आणि पहिलाच प्रश्न हा असेल, की भेट कशी झाली. तिथे दोन कागद भांडले की अर्ज संपला. आणि एकदा खोटेपणाचा शिक्का बसला तर पुढची कित्येक वर्षं दुसरा अर्जसुद्धा घालता येत नाही. तुम्ही लवकर आलात म्हणून बरं, अजून निस्तरता येईल. दोघांतल्या एकाने ओळ बदलायची.’

ताई, त्याचा कागद तिकडच्या अधिकाऱ्यासमोर सही-शिक्क्याचा झालेला आहे, तो आता बदलणं अवघड आहे. तुझा साधा आहे. म्हणून तुला सांगते.

मला वाटतं, निरोप देता-घेता दोन्ही घरांत वेगवेगळा समज झाला असावा. मामांचा स्वभाव तुला माहीत होता, एका घरचं दुसऱ्या घरी सांगताना ते आपल्या पदरचं थोडं घालायचे. आता ते नाहीत, त्यांना विचारणार कोण? उगाळत बसण्यात अर्थ नाही.

तुला त्रास नको म्हणून ओळ मीच लिहून पाठवते: ‘आईची जबाबदारी असल्यामुळे मीच या स्थळाला नकार दिला होता.’ एवढंच. बाकीचा मजकूर जसाच्या तसा, नव्या कागदावर उतरव आणि सही कर.

खरं तर यात तुलाही काही कमीपणा येत नाही. उलट नकार आपल्याकडून होता असं लिहिलं जाईल. तुझ्या लक्षात येतंय ना मी काय म्हणते ते?

एवढं कर ग ताई. फक्त एक ओळ बदल. मी आजवर तुझ्याकडे फार काही मागितलेलं नाही.

हे शेवटचं वाक्य खोडणार होते. मागत तर मी जन्मापासूनच आले आहे. पण पेनाने लिहिलंय, राहू दे.

उत्तराची वाट बघते. मागच्या पत्रात घाई नाही म्हटलं होतं, आता थोडी आहे.

तुझी,
भुंगा


२६ मार्च

ताई,

तुझं कार्ड मिळालं. उघडं पोस्टकार्ड. पोस्टमनने वाचलं असेल, घरमालकिणीने तर नक्कीच वाचलं, कारण देताना ती माझ्याकडे न बघता कुंडीला पाणी घालत होती. वर ना तारीख, ना प्रिय. ‘नकार मी कोणाला दिला, कधी दिला, कुठे दिला? एवढं कळव. मग ओळ बदलते.’

पाच दिवस मी याचं उत्तर तयार करत होते. मामा, गैरसमज, त्याची कच्ची आठवण, सगळी कारणं घासूनपुसून लावून बघितली. एकही बसलं नाही. लॅबमध्ये काल एका बाईंच्या कवळीत मी दोन दात उलटसुलट लावले. मालकांनी माझ्या हातातून साचा काढून घेतला आणि मला घरी पाठवलं. म्हणून हे दिवसाउजेडी खोलीत बसून लिहितेय.

तर ऐक. नकार मी दिला. तुझ्या नावाने. शनिवारी चार वाजता, आपल्या पोस्टासमोरच्या बाकावर.

तो घरी येऊन गेला त्याला आठ दिवस झाले होते. तुला आठवत असेल, मामा आणि त्याचे काका बोलत होते आणि याचं सगळं लक्ष आपल्या फ्रीजच्या घरघरीकडे. शेवटी न राहवून याने विचारलं, ‘स्क्रूड्रायव्हर आहे का हो?’ आणि तू हसलीस. बाबा गेल्यानंतर तुला तसं हसताना मी पहिल्यांदा बघितलं होतं.

बुधवारी तो लॅबवर आला. मालकांना म्हणाला, कॉम्प्रेसर बघायला आलोय. कॉम्प्रेसर ठणठणीत होता. मला जिन्यात बोलावून म्हणाला, ‘तुमच्या ताई मला आवडल्या. पण त्या दिवशी त्या जे बोलल्या ते मामांसाठी होतं. मला दोन-तीन वर्षांत बाहेर जायचंय, आणि आईंचं सगळं त्यांच्या एकट्यांवर आहे हे मला दिसलं. त्यातून मार्ग काढता येईल, थांबावं लागलं तरी मी थांबेन. पण त्यांना स्वतःला काय वाटतं ते त्यांच्याच तोंडून ऐकायचंय. शनिवारी चारला पोस्टासमोर थांबतो. एवढं सांगाल का त्यांना?’

मी म्हटलं, सांगते.

बुधवारी सांगितलं नाही. गुरुवारी नाही. शुक्रवारी संध्याकाळी तू भांडी विसळत होतीस आणि माझ्याकडे पाठ करूनच विचारलंस, ‘त्या लोकांचं काही कळलं का ग?’ मी म्हटलं, ‘मला काय माहीत?’ तू नळ जोरात सोडलास.

मी तेव्हा त्याच्या प्रेमात होते असं समजू नकोस. तसं असतं तर निदान कारण तरी बरं दिसलं असतं. मला भीती वाटली, ताई. तू गेलीस की आई माझ्या गळ्यात. तिची इंजेक्शनं, तिला उठवणं-बसवणं, तिचं ‘तुझ्या हाताला चव नाही’. मी सव्वीस वर्षांची होते, रोज तीन तास बसमध्ये काढत होते आणि मला शहरात स्वतःची खोली हवी होती. मी त्या खोलीचा विचार केला. तुझा नाही केला.

मनाला समजावलं, की ताई नाहीच म्हणणार. आईला टाकून ती जायची नाही. मग तिला तिथे पाठवायचं, रडवायचं आणि तिच्या तोंडून नकार वदवायचा, हे कशाला? त्यापेक्षा मीच जाऊन सांगते. तुझं उत्तर मी फक्त तुझ्याआधी दिलं, असं मी सात वर्षं स्वतःला सांगत आले आहे.

तो बाकावरून उठून उभा राहिला. माझ्या मागे बघत होता, तू येतेयस का म्हणून. मी म्हटलं, ‘ताई नाही म्हणाली. आईला सोडून तिला जमणार नाही.’

‘स्वतः म्हणाल्या?’

‘हो.’

‘विचार करून?’

‘दोन दिवस विचार केला तिने.’

हे दोन दिवस मी कुठून आणले कोण जाणे. मला ते आयत्या वेळी सुचलं, आणि सुचल्याचा क्षणभर आनंदही झाला, तो मी अजून विसरलेले नाही. तो परत बाकावर बसला. मग म्हणाला, ‘मुलीने नकार दिला असं झालं तर लोक पुढच्या स्थळाला नावं ठेवतील. मी घरी सांगतो, आमच्याकडूनच योग नाही असं कळवा.’ तो भल्या मनाने वागला आणि ते सगळं येऊन तुझ्या अंगावर पडलं. मामांनी निरोप आणला तेव्हा तू ‘बरं’ म्हणालीस आणि आईची साखर तपासायला उठलीस. त्यानंतर तू एकाही माणसासमोर बसली नाहीस.

मामांनी पदरचं काहीच घातलं नव्हतं. मागच्या पत्रात मी मेलेल्या माणसावर ढकललं. त्यांनी आपल्यासाठी किती खस्ता खाल्ल्या, आणि मी त्यांना खोटं पाडलं. लाज वाटते.

दीड वर्षाने तो खरंच कॉम्प्रेसर दुरुस्त करायला आला, आणि मग येत राहिला. पुढचं तुला माहीत आहे. मला तो मनापासून आवडायला लागला, आणि जसजसा आवडत गेला तसतसं सांगणं अवघड होत गेलं. लग्नाच्या दिवशी तू साक्षीदाराच्या जागी सही करत होतीस. त्याने हळूच मला विचारलं, ‘ताईंना खरंच वाईट वाटत नाही ना?’ मी म्हटलं, ‘तिनेच तर नाही म्हटलं होतं.’ तू पेनाचं टोपण लावत होतीस, दोन हातांवर. तू ऐकलंस की काय म्हणून मी घामाघूम झाले.

त्याचा कागद बदलणं अवघड आहे असं मी लिहिलं होतं. अवघड काही नाही. पण त्याला बदलायला सांगितलं असतं तर त्याने ‘का?’ विचारलं असतं. तू विचारणार नाहीस असं मला वाटलं. तू कधी विचारत नाहीस, आणि मी कायम त्याचाच फायदा घेतला.

ओळ बदलू नकोस. तू लिहिलंस ते तुझ्यापुरतं खरं आहे आणि त्याने लिहिलं ते त्याच्यापुरतं. खोटी फक्त मी आहे, आणि दोन्ही कागदांवर माझं नाव कुठेच नाही.

हे पत्र कार्बन घालून लिहितेय. खालची प्रत त्याला. आधी तुझं पेटीत टाकणार, मग त्याचं, म्हणजे मला मागे फिरायला जागा राहायची नाही. हे वाचून त्याने अर्ज घालायचा नाही असं ठरवलं तर मी त्याच्याशी भांडणार नाही. मला त्याच्याकडे जायचंय ग. सकाळी उठल्यापासून तेवढं एकच डोक्यात असतं. पण तुला खोटी सही करायला लावून नाही जाता येणार मला. जमेल असं वाटलं होतं, नाही जमलं.

एकच विचारते. तू त्याला नकारच दिला असतास ना? तसं असेल तर कळव, मी जरा श्वास घेईन. नसेल तरी कळव. या वेळी तुझं उत्तर मी ठरवत नाही.

‘तुझी’ लिहायचा हक्क राहिला असेल तर तुझी,
धाकटी


११ एप्रिल

धाकटीस,

अनेक आशीर्वाद असं लिहायला घेतलं होतं. हात पुढे गेला नाही. पुढच्या वेळी बघू.

आई बरी आहे. साखर एकशे साठ. खोकला गेला. तिला काही सांगितलेलं नाही आणि तूही सांगायचं नाहीस. या वयात तिला तुझ्यावर रागवायला नवीन कारण नको, जुनी पुरेशी आहेत.

तुझं पत्र दुकानावर मिळालं. काउंटरच्या आड उभी राहून वाचलं. त्यानंतर आलेल्या आजोबांना रक्तदाबाच्या गोळ्या दुप्पट ताकदीच्या दिल्या. पंधरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. ते कोपऱ्यापर्यंत गेले होते, मागे धावत जाऊन बदलून दिल्या. मग मालकांना सांगून घरी आले आणि गादीवर पडून राहिले. रडले. तुला हे कळायला हवं म्हणून लिहिते.

तू विचारलंस त्याचं उत्तर सोबतच्या कागदात आहे. तिथे एका ओळीत लिहिलंय, इथे थोडं जास्त लिहिते. तो येऊन गेला त्याच आठवड्यात मी आईसाठी एक बाई बघून आले होते. दवाखान्यात आया होत्या, घरी राहायला तयार होत्या. त्यांना सांगून ठेवलं होतं, महिनाअखेर नक्की कळवते. तुझ्या गळ्यात आईला टाकून जायचा माझा विचार कधीच नव्हता. तू विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं. मामांचा निरोप आला त्या सोमवारी त्या बाईंना नको म्हणायला मीच गेले. त्यांनी मला चहा दिला आणि काही विचारलं नाही.

सात वर्षं मी आरशात बघून म्हणत होते, या माणसाने माझ्यात असं काय बघितलं की परत फिरला. ते दिवस तू मला परत देऊ शकत नाहीस. तू रडून पत्र लिहिलंस म्हणून मी तुला माफ केलं असं होत नाही. होईल तेव्हा कळवीन.

रविवारी त्याचा फोन आला. त्याला तुझं पत्र शनिवारी मिळालं होतं. त्याने आधी आईच्या गुडघ्याची चौकशी केली. मी सांगितली. मग म्हणाला, ‘ताई, मी अर्ज थांबवू का?’

मी म्हटलं, ते मला विचारू नका. तुमच्या बायकोला विचारा आणि स्वतःला विचारा. एकदा माझं उत्तर दुसऱ्याने दिलं, त्याचं काय झालं ते आपण तिघं बघतोय. मी कोणाचं उत्तर देणार नाही. तुझी बाजू घेतली नाही आणि तुझ्याविरुद्धही बोलले नाही. तो म्हणाला, ‘मला थोडे दिवस लागतील.’ मी म्हटलं, घ्या.

तो फोन करेल तेव्हा उचल. काय बोलायचं ते आधी लिहून पाठ करू नकोस, तो बोलेल ते आधी ऐकून घे.

निवेदन नव्याने लिहिलं आहे. त्याने आपला कागद याप्रमाणे बदलला की तिघांचं एकच होईल, म्हणजे तुझ्या बाईची पेन्सिल अडायची नाही. द्यायचं की नाही ते त्याचा फोन झाल्यावर तुम्ही ठरवा.

ताई


निवेदन

मी, खाली सही करणारी, शपथेवर लिहून देते की अर्जदाराचे पती सात वर्षांपूर्वी प्रथम मला बघायला आमच्या घरी आले होते. त्यांनी मला नाकारलं नव्हतं. मी त्यांना नाकारलं नव्हतं. माझ्या नावाने नकार अर्जदाराने दिला. हे मला गेल्या महिन्यात कळलं. मला विचारलं असतं तर मी हो म्हणाले असते.

त्यानंतर दीड वर्षाने त्या दोघांची ओळख वाढली व त्यांनी लग्न केलं. त्या लग्नाची मी साक्षीदार आहे.

हे लग्न खरं आहे का, असं मला विचारण्यात आलं आहे. त्याबद्दल मला माहीत आहे ते असं. आमच्या आईच्या ऑपरेशनच्या वेळी दोघं सहा आठवडे आमच्याकडे राहिली. त्यांच्या आणि माझ्या खोलीमधली भिंत पातळ आहे. रोज सकाळी मला त्यांचं हसणं ऐकू येत असे. मला ते ऐकायचं नसे, म्हणून ते माझ्या नीट लक्षात आहे. कोणाला दाखवण्यासाठी माणसं तशी हसत नाहीत. हे लग्न खरं आहे.

वरील मजकूर माझा आहे. माझ्या वतीने तो दुसऱ्या कोणी लिहिलेला नाही.

(सही)

अर्जदाराशी नातं: सख्खी बहीण